विश्लेषण : भूल दिल्यावर फुप्फुसांत नेमके काय घडते? चुलीच्या धुराने दमलेल्या छातीला जास्त जोखीम का?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी नातेवाइकांचा एक प्रश्न ठरलेला असतो, ‘भूल झेपेल ना?’ हा प्रश्न बहुतेक वेळा हृदयाबद्दल असतो. पण पूर्ण भुलेतील वायू ज्या मार्गाने शरीरात जातात आणि ज्या मार्गाने बाहेर पडतात, ते फुप्फुस या चर्चेत मागे राहते. हे वायू फुप्फुसातील वायुकोश उघडे ठेवणाऱ्या द्रवावर आणि कफ बाहेर ढकलणाऱ्या यंत्रणेवर परिणाम करतात. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. मात्र वर्षानुवर्षे चुलीसमोर बसलेल्या किंवा बिडी ओढणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत हाच परिणाम न्यूमोनियापर्यंत जाऊ शकतो.

धाराशिव जिल्ह्यात हा विषय महत्त्वाचा का?

धाराशिव हा निती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतील महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांपैकी एक. गडचिरोली, नंदुरबार आणि वाशीम हे इतर तीन. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जिल्ह्याबाहेर जाण्याची सवय इथे जुनी आहे. परंडा-भूमचा रुग्ण बार्शी गाठतो, उमरगा-तुळजापूरचा सोलापूर, तर कळंबचा लातूर. २०२२-२३ या शैक्षणिक वर्षापासून धाराशिव येथे १०० जागांचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती २०२३ मध्ये राज्यातील सर्व कुटुंबांपर्यंत वाढवण्याचा आणि उपचारांची मर्यादा प्रतिकुटुंब पाच लाख रुपये करण्याचा निर्णय झाला. खर्चाच्या भीतीने दुखणे अंगावर काढणारे पोटाच्या, पित्ताशयाच्या, गर्भाशयाच्या आणि हाडांच्या शस्त्रक्रियांसाठी आता पुढे येऊ शकतात. त्यात वयस्क आणि छाती कमकुवत असलेले रुग्णही असणार. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण तिसऱ्या दिवशी ताप आला, धाप लागली आणि रुग्णाला पुन्हा प्राणवायूवर ठेवावे लागले, असे प्रसंग टाळायचे असतील तर भूल आणि फुप्फुस यांचे नाते समजून घ्यावे लागते.

सरफॅक्टंट म्हणजे काय?

माणसाच्या फुप्फुसांत सुमारे ३० ते ५० कोटी वायुकोश असतात. द्राक्षाच्या घडासारख्या या सूक्ष्म फुग्यांच्या आतल्या बाजूला पाण्याचा पातळ थर असतो. पाण्याचे कण एकमेकांना ओढून धरतात, त्यामुळे हा थर फुग्याला सतत मिटवू पाहतो. ओली प्लास्टिकची पिशवी एकदा चिकटली की उघडताना जोर लावावा लागतो, तसाच हा प्रकार. त्यातही फुगा जितका लहान, तितका आत दाबला जाण्याचा जोर अधिक. म्हणजे पाण्याचाच थर असता तर श्वास सोडताच लहान वायुकोश मिटून गेले असते आणि प्रत्येक श्वासाला ते नव्याने फुगवावे लागले असते.

तसे होत नाही, कारण वायुकोशांच्या भिंतीतील ‘टाइप टू’ नावाच्या पेशी एक स्निग्ध मिश्रण पाझरत असतात. तेच सरफॅक्टंट. त्यात सुमारे ९० टक्के स्निग्ध घटक आणि उरलेली प्रथिने असतात. पाण्यात साबण मिसळला की फुगा टिकतो, तसे सरफॅक्टंट पाण्याचा ताण कमी करते. वायुकोश आकसू लागला की त्याचे रेणू दाटीने जवळ येतात आणि ताण आणखी कमी होतो. १९५५ ते १९५९ या काळात इंग्लंडचे रिचर्ड पॅटल, अमेरिकेचे जॉन क्लेमेंट्स आणि त्यानंतर मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांच्या संशोधनातून हे चित्र स्पष्ट झाले. मुदतपूर्व जन्मलेल्या बाळांचा श्वास का अडतो, याचे उत्तर एव्हरी आणि मीड यांनी १९५९ मध्ये दिले. त्या बाळांच्या फुप्फुसांत सरफॅक्टंट पुरेसे तयार झालेले नसते.

भुलीचे वायू सरफॅक्टंटवर काय परिणाम करतात?

हॅलोथेन, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन ही आधुनिक काळातील प्रमुख वायुरूप भुलीची औषधे. बाटलीत ती द्रवरूप असतात. भुलीच्या यंत्रावरील व्हेपोरायझरमधून त्यांची वाफ होते आणि ती प्राणवायूबरोबर रुग्णाच्या फुप्फुसात जाते. तेथून रक्तात, रक्तातून मेंदूत. ही औषधे स्निग्ध पदार्थांत सहज विरघळतात. मेंदूवर त्यांचा परिणाम होण्यात या गुणाचा वाटा आहे. पण सरफॅक्टंटही मुख्यतः स्निग्धच असल्यामुळे या वाफेचा त्याच्याशी थेट संबंध येतो.

उंदरांच्या फुप्फुसातील टाइप टू पेशी वेगळ्या काढून त्यांच्यावर १९९० च्या दशकात प्रयोग झाले. हॅलोथेन, आयसोफ्लुरेनसारख्या औषधांच्या संपर्कात काही तास ठेवल्यावर सरफॅक्टंटचा मुख्य स्निग्ध घटक तयार करण्याची पेशींची क्षमता घटली. औषधाचे प्रमाण वाढवले तसा परिणाम वाढला. पेशींतील ऊर्जेचा साठाही कमी झाल्याचे आढळले.

मात्र या निष्कर्षांचा अर्थ लावताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. एक, बशीतल्या पेशी म्हणजे जिवंत माणूस नव्हे. दोन, फुप्फुसात सरफॅक्टंटचा साठा असतो आणि वापरलेले सरफॅक्टंट पेशी पुन्हा शोषून घेऊन वापरतात. त्यामुळे तासा-दोन तासांच्या शस्त्रक्रियेत निर्मिती थोडी मंदावली तरी निरोगी व्यक्तीचे काम अडत नाही. प्रश्न येतो तो लांबलेल्या शस्त्रक्रियेत, आधीच सूज असलेल्या फुप्फुसात किंवा इतर कारणांची भर पडते तेव्हा.

मग फुप्फुसाचा भाग मिटतो कशामुळे?

पूर्ण भूल दिल्यानंतर काही मिनिटांतच सुमारे ९० टक्के रुग्णांत फुप्फुसाचा पाठीकडील काही भाग मिटतो, असे सीटी स्कॅनच्या आधारे झालेल्या अभ्यासांतून दिसले आहे. वैद्यकीय भाषेत त्याला ‘अॅटेलेक्टेसिस’ म्हणतात. याला सरफॅक्टंट एकटे जबाबदार नसते.

पहिले कारण स्नायूंचे. भुलेत श्वासपटल सैल पडते आणि पोटातील अवयव छातीकडे सरकतात. त्यामुळे श्वास सोडल्यावर फुप्फुसात शिल्लक राहणारी हवा कमी होते. दुसरे कारण प्राणवायूचे. साध्या हवेत जवळपास चार पंचमांश नायट्रोजन असतो आणि तो सहजासहजी रक्तात शोषला जात नाही. त्यामुळे तो वायुकोशाला आतून टेकू देतो. शंभर टक्के प्राणवायू दिला की हा टेकू जातो. नळी कफाने बंद झाली तर तिच्यामागचा प्राणवायू रक्तात शोषला जातो आणि वायुकोश रिकामा होऊन मिटतो. तिसरे कारण सरफॅक्टंटचे. खोल श्वास घेतला की वायुकोश ताणले जातात आणि टाइप टू पेशी नवे सरफॅक्टंट सोडतात. जागेपणी माणूस अधूनमधून नकळत मोठा श्वास किंवा सुस्कारा टाकतो, त्याचा हाच उपयोग. भुलेत सुस्कारे थांबतात.

म्हणूनच भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरवर श्वास सोडल्यानंतरही थोडा दाब कायम ठेवतात, गरजेपुरताच प्राणवायू देतात आणि आवश्यकतेनुसार फुप्फुस फुगवून मिटलेला भाग उघडतात.

कफ बाहेर टाकणारी यंत्रणा कशी मंदावते?

श्वासनलिकेच्या अस्तरावर सूक्ष्म केस असतात. एकेका पेशीवर सुमारे २०० केस असतात आणि ते सेकंदाला दहा-पंधरा वेळा एका लयीत हलतात. त्यांच्यावर चिकट श्लेष्म्याचा थर असतो. धूळ, जंतू, काजळी त्यात अडकते आणि हे केस तो थर घशाकडे सरकवत राहतात. घशात आल्यावर माणूस तो गिळतो किंवा खाकरून टाकतो. न थांबणारा हा झाडू आहे.

वायुरूप भुलीची औषधे या केसांचा वेग कमी करतात. प्राण्यांवरील अभ्यासांत हॅलोथेन आणि आयसोफ्लुरेनने तो ठळकपणे मंदावला. सेव्होफ्लुरेनचा परिणाम तुलनेने सौम्य आढळला. शिरेतून प्रोपोफॉल देऊन भूल दिलेल्या रुग्णांशी तुलना करता सेव्होफ्लुरेन दिलेल्या रुग्णांमध्ये कफ वाहून नेण्याचा वेग कमी असल्याचेही दिसले आहे.

पण केवळ औषधाला दोष देऊन चालत नाही. नाक प्रत्येक श्वास ३७ अंशांपर्यंत गरम आणि ओला करून आत सोडते. सिलिंडर किंवा पाइपलाइनमधून येणारा वायू थंड आणि कोरडा असतो, शिवाय श्वासनलिकेत टाकलेली नळी नाकाला वळसा घालते. कोरड्या हवेने कफ घट्ट होतो आणि केसांची गती आणखी घटते. नळीचा फुगा कफाची वाट अडवतो. शस्त्रक्रियेनंतर पोटाला टाके असल्याने रुग्ण दुखण्याच्या भीतीने खोकत नाही. झाडू मंद, कफ घट्ट आणि खोकला दबलेला, अशा तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की साचलेला कफ जंतूंचे घर बनतो. रुग्णाच्या नळीला लावलेला उष्णता आणि ओलावा राखणारा छोटा फिल्टर स्वस्त असला तरी म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

भुलीने छातीत कफ वाढतो, ही समजूत खरी आहे का?

ही समजूत ईथरच्या काळापासून आली आहे. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक केले. ईथरची वाफ झोंबणारी. ती हुंगली की लाळ सुटायची, श्वासनलिकेत स्राव वाढायचे, रुग्ण खोकायचा. त्यावर उपाय म्हणून आधीच अॅट्रोपिनचे इंजेक्शन देऊन तोंड आणि घसा कोरडा करण्याची पद्धत रूढ झाली.

१९५६ मध्ये हॅलोथेन वापरात आले. ते झोंबत नव्हते, त्यामुळे सर्वांना नियमाने अॅट्रोपिन देण्याची गरज कमी झाली. पुढे काही रुग्णांच्या यकृताला गंभीर इजा होत असल्याचे दिसल्याने हॅलोथेन मागे पडले. आजच्या औषधांत आयसोफ्लुरेन आणि डेसफ्लुरेन यांचा वास उग्र आहे. मास्कने सुरुवात केली तर खोकला, स्राव आणि स्वरयंत्र आवळले जाण्याचा धोका असतो. सेव्होफ्लुरेन झोंबत नाही, म्हणून लहान मुलांना मास्कने भूल देताना त्यालाच पसंती मिळते. शिरेतून किंवा स्नायूत दिले जाणारे केटामाइनही लाळ वाढवते, म्हणून त्याच्याबरोबर अनेकदा ग्लायकोपायरोलेट देतात.

स्राव कोरडे करणाऱ्या औषधांची दुसरी बाजूही आहे. ती कफाचे प्रमाण घटवतात, तसा तो घट्टही करतात. ज्याच्या छातीत आधीच कफ आहे, त्याला त्याचा उलट त्रास होऊ शकतो.

यात एक बाब रुग्णाच्या बाजूची. ही वायुरूप औषधे श्वासनलिकांचे स्नायू सैल करतात. म्हणूनच इतर उपायांना दाद न देणाऱ्या दम्याच्या गंभीर झटक्यात अतिदक्षता विभागात त्यांचा आधार घेतला जातो. मात्र डेसफ्लुरेनमुळे धूम्रपान करणाऱ्यांच्या श्वासनलिका उलट आवळल्या जाऊ शकतात. शिवाय हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट तापमानवाढ करतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, वैद्यकीयदृष्ट्या दुसरा पर्याय नसेल तेव्हा वगळता, त्याच्या वापरावर बंदी घातली आहे.

निजामाच्या राज्यातील क्लोरोफॉर्म आयोग काय होता?

भूल आणि श्वास यांच्या नात्यावरचा एक गाजलेला वाद, आजचा धाराशिव जिल्हा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानाच्या राजधानीत रंगला. क्लोरोफॉर्मने होणारे मृत्यू हृदय थांबल्याने होतात की श्वास थांबल्याने, यावर तेव्हा युरोपात दोन तट होते. हैदराबादचे शल्यचिकित्सक एडवर्ड लॉरी यांचा ठाम दावा होता की आधी श्वास थांबतो. त्यामुळे नाडी धरून बसण्याऐवजी श्वासावर लक्ष ठेवा, असे ते सांगत. १८८८ आणि १८८९ मध्ये निजाम सरकारच्या पाठबळाने दोन आयोग नेमले गेले. दुसऱ्या वेळी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाच्या वतीने लंडनहून लॉडर ब्रंटन आले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले आणि निष्कर्ष लॉरी यांच्या बाजूने लागला. जगातील पहिल्या महिला भूलतज्ज्ञांपैकी एक मानल्या जाणाऱ्या रूपाबाई फर्दूनजी यांचे नावही याच काळातील हैदराबादशी जोडलेले आहे.

पुढे १९११ च्या सुमारास ए. जी. लेव्ही यांनी दाखवून दिले की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना हृदयाची लय अचानक बिघडूनही मृत्यू येऊ शकतो. म्हणजे आयोगाचा निष्कर्ष अपुरा होता. तरी रुग्णाचा श्वास क्षणभरही नजरेआड करू नये, हा त्यातला व्यवहाराचा भाग टिकला. आज भूलतज्ज्ञ बोटावरचे ऑक्सिमीटर, श्वासातील कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र आणि हृदयाचा आलेख एकाच वेळी पाहतात.

फ्रान्समधील चाचणीने काय बदलले?

गेल्या काही वर्षांत उलटा विचार पुढे आला होता. सेव्होफ्लुरेन फुप्फुसातील दाह कमी करते, असे संकेत प्रयोगांतून मिळत होते. २०१७ मध्ये ५० रुग्णांच्या एका छोट्या चाचणीत रक्तातील प्राणवायूची पातळीही सुधारल्याचे दिसले. त्यामुळे एआरडीएस म्हणजे फुप्फुसांना तीव्र सूज येऊन व्हेंटिलेटरवर गेलेल्या रुग्णांना गुंगीत ठेवण्यासाठी हाच वायू वापरावा का, असा प्रश्न उभा राहिला. करोनाकाळात, शिरेतून देण्याच्या औषधांची टंचाई असताना, त्याला जोर आला.

फ्रान्समधील ३७ अतिदक्षता विभागांत ६८७ रुग्णांवर झालेल्या ‘सेसार’ चाचणीचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ९० दिवसांनंतर सेव्होफ्लुरेन गटात ४७.१ टक्के, तर प्रोपोफॉल गटात ५५.७ टक्के रुग्ण हयात होते. व्हेंटिलेटरविना गेलेले दिवसही सेव्होफ्लुरेन गटात कमी होते. प्रयोगशाळेतील आशा रुग्णाच्या खाटेपाशी टिकली नाही.

पण या निकालाचा शस्त्रक्रियेतील भुलेशी थेट संबंध जोडणे चुकीचे ठरेल. तिथे आधीच गंभीर आजारी रुग्णांना कित्येक दिवस वायू दिला गेला. शस्त्रक्रियेत तो काही तास दिला जातो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि १३ देशांतील ५,४०० रुग्णांचा समावेश असलेल्या ‘मिरियाड’ चाचणीत, हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेसाठी वायुरूप भूल दिलेल्या आणि शिरेतून भूल दिलेल्या रुग्णांत एका वर्षानंतरच्या मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. थोडक्यात, कोणते औषध यापेक्षा कोणाला, किती वेळ आणि कोणत्या फुप्फुसावर, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

चूल आणि बिडीने जोखीम किती वाढते?

तंबाखूच्या धुराने श्वासनलिकेतील सूक्ष्म केस झडतात, कफ तयार करणाऱ्या ग्रंथी वाढतात आणि सरफॅक्टंटच्या कामातही बिघाड होतो. म्हणजे भुलीचे वायू ज्या दोन यंत्रणा मंदावतात, त्याच आधीपासून जखमी असतात. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० मध्ये स्पष्ट केले की शस्त्रक्रियेच्या सुमारे चार आठवडे आधी धूम्रपान सोडणाऱ्यांना गुंतागुंतीचा धोका कमी असतो. त्यानंतरचा तंबाखूविना प्रत्येक आठवडा प्रकृतीच्या निकालात १९ टक्क्यांनी सुधारणा करतो.

धाराशिवसारख्या जिल्ह्यात याहून मोठा, पण कागदावर न येणारा प्रश्न चुलीचा आहे. पुण्यातील फुप्फुसरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखात मांडले की जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी आहेत, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात वावरणारे सुमारे ३०० कोटी. कधीही बिडीला हात न लावलेल्या बाईलाही सीओपीडी होऊ शकतो, तो यामुळे. १ मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅस जोडण्या मिळाल्या. पण दुसऱ्या सिलिंडरचे पैसे जमेपर्यंत तुराट्या-पऱ्हाट्यांवर भाकरी भाजणारी घरे गावोगावी आहेत. शिवाय गॅस आला म्हणून तीस वर्षांचा धूर छातीतून निघून जात नाही. त्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ आणि सुगी संपल्यावर शस्त्रक्रिया करून घेण्याची शेतकरी कुटुंबांची पद्धत. धुळीने खोकला लागलेला असतानाच रुग्ण दवाखान्यात दाखल होतो.

‘धूम्रपान करता का?’ या प्रश्नाला ती बाई ‘नाही’ म्हणते आणि ते खरेच असते. ‘स्वयंपाक कशावर करता? किती वर्षे? जिना चढताना धाप लागते का?’ हे प्रश्न विचारले नाहीत, तर तिची छाती कागदावर निरोगी ठरते. मिसरी लावणाऱ्या महिलांनीही ती बाब डॉक्टरांपासून लपवू नये.

कमरेतून भूल घेतली तर धोका टळतो का?

सिझेरियन, गर्भाशय, हर्निया, पायाचे हाड अशा बेंबीखालच्या अनेक शस्त्रक्रिया पाठीतल्या इंजेक्शनने करता येतात. त्यात रुग्ण स्वतः श्वास घेतो, वायू आणि नळी दोन्ही टळतात. फुप्फुस कमकुवत असेल तर हा पर्याय बऱ्याचदा चांगला ठरतो. पण प्रत्येक शस्त्रक्रिया अशी होत नाही. पोटाच्या वरच्या भागातील मोठी शस्त्रक्रिया, छाती, मेंदू, मानेवरची शस्त्रक्रिया यांना साधारणपणे पूर्ण भूल लागते. कमरेतून दिलेल्या भुलेचा परिणाम फार वर चढला तर खोकण्याचे स्नायूही ढिले पडतात. जिथे पूर्णवेळ भूलतज्ज्ञ नाहीत, अशा ठिकाणच्या प्रसूतीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना काही महिन्यांचे जीवरक्षक भूल प्रशिक्षण देण्याची सरकारी योजना आहे. तिचा उपयोग मोठा आहे. पण दमेकरी वृद्धाची चार तासांची पोटाची शस्त्रक्रिया हे तिचे क्षेत्र नाही.

लहान मुलांसाठी वेगळी काळजी का?

मुलांच्या श्वासनलिका अरुंद असतात, त्यामुळे थोड्याशा कफानेही वाट अडते. सर्दी-खोकला झालेल्या मुलाचे स्वरयंत्र भुलेत आवळले जाण्याची शक्यता वाढते. म्हणून ताप किंवा घट्ट पिवळा शेंबूड असेल तर तातडीची नसलेली शस्त्रक्रिया साधारण दोन ते चार आठवडे पुढे ढकलली जाते. ‘तारीख पुन्हा मिळणार नाही’ या भीतीने पालक सर्दी लपवतात, ते मुलाच्या जिवावर बेतू शकते.

मुदतपूर्व बाळांची अडचण निराळी. त्यांच्याकडे सरफॅक्टंटच अपुरे असते. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि होवी यांनी दाखवले की मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता असलेल्या मातेला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाच्या श्वासाचा त्रास कमी होतो. १९८० मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी बाळांच्या श्वासनलिकेत बाहेरून सरफॅक्टंट सोडण्याचा उपचार यशस्वी केला. मातेच्या इंजेक्शनचा खर्च किरकोळ, तर बाहेरून द्यायच्या सरफॅक्टंटची कुपी महाग. म्हणून मातेला वेळेत इंजेक्शन मिळणे हे ग्रामीण रुग्णालयाच्या हातातले मोठे साधन आहे.

रुग्ण आणि रुग्णालय काय करू शकतात?

रुग्णाच्या हातातील गोष्टी साध्या आहेत. शस्त्रक्रिया ठरली त्याच दिवशी बिडी-सिगारेट बंद करावी, शक्यतो चार आठवडे आधी. तेवढे दिवस चुलीपुढचे काम घरातील दुसऱ्याने करावे. दम्याचा पंप वापरत असल्यास तो बंद न करता डॉक्टरांना दाखवावा. उपाशी राहण्याची सूचना तंतोतंत पाळावी. साधारणपणे सहा तास अन्न आणि दोन तास पाणी वर्ज्य असते. भुलेत पोटातील आम्ल फुप्फुसात गेले तर सरफॅक्टंटचा थर आणि वायुकोश दोन्ही होरपळतात, ‘एका चहाने काय होते’ ही समजूत त्यामुळेच घातक. शस्त्रक्रियेनंतर तीन चेंडूंचे यंत्र दिले जाते. त्यात फुंकायचे नसते, हवा आत ओढायची असते. त्या खोल श्वासाने मिटलेले वायुकोश उघडतात आणि नवे सरफॅक्टंट पाझरते. टाक्यांवर उशी धरून खोकावे, बसावे आणि डॉक्टरांनी परवानगी देताच चालावे. दुखत असेल तर सहन न करता वेदनाशामक मागावे, कारण दुखण्यापायी दाबलेला खोकलाच पुढे न्यूमोनियाला वाट देतो.

व्यवस्थेच्या बाजूने कळीचा मुद्दा वेळेचा आहे. छोट्या शहरांत भूलतज्ज्ञ अनेकदा एकाच दिवशी दोन-तीन रुग्णालयांत जातात आणि रुग्णाला पहिल्यांदा भेटतात ते शस्त्रक्रियेच्या टेबलाशेजारी. तेव्हा बिडी सोडायला सांगून उपयोग नसतो. भूलपूर्व तपासणी शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधी झाली, तर पंप सुरू करणे, छातीचा व्यायाम शिकवणे, संसर्ग बरा करणे आणि तारीख ठरवणे या सर्वांना अवधी मिळतो. धाराशिवच्या वैद्यकीय महाविद्यालयात घडणारे डॉक्टर उद्या येरमाळा, ढोकी, मुरूम, अणदूर अशा गावांत रुग्ण तपासतील. ग्रामीण रुग्णालयातच हे चार प्रश्न विचारून, गरज असलेल्या रुग्णाला वेळेत भूलतज्ज्ञाकडे पाठवण्याची पद्धत पडली, तर त्यासाठी महागडे यंत्र लागणार नाही. लागेल तो चुलीचा रकाना असलेला एक केसपेपर.